ताजा कलमातली गोळी

प्रश्न : माझं वय ५८. उजवीकडच्या खालच्या दाढेचं फार पूर्वी रूट कॅनल करून कॅप बसवली होती. ती दाढ मुळापर्यंत उभी चिरली, म्हणून तीन महिन्यांपूर्वी काढावी लागली. शेजारचे दोन्ही दात धडधाकट आहेत. रिकाम्या जागेचं काय करायचं हे विचारायला दोन दवाखान्यांत जाऊन आले. पहिल्या ठिकाणी दहा मिनिटांत ‘इम्प्लांटच घ्या’ म्हणाले. आठवड्याच्या आत ठरवलं तर सवलत, वर आयुष्यभराची गॅरंटी. दुसऱ्या डॉक्टरांनी हिरड्यांतून रक्त येतं ते बघितलं आणि आधी हिरड्यांचे उपचार, मग स्कॅन, मग ठरवू म्हणाले. सगळं मिळून सहा-आठ महिने. घरच्यांच्या मते हे नुसतं बिल वाढवणं आहे. लोकांचे अनुभव वाचायला बसले तर डोकंच चक्रावलं. एकाला नवा जन्म मिळाल्यासारखं वाटतंय, तर दुसरीचा ओठ वर्षभर बधिर आहे. थोरल्या जाऊबाईंचा इम्प्लांट दोन वर्षांत हलायला लागला, त्या म्हणतात या भानगडीत पडूच नकोस. कोणावर विश्वास ठेवू? आणि थांबलं तर हाड झिजतं म्हणतात, ते खरं का?

ता. क. रोज रक्तदाबाची गोळी असते आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा एक गोळी घेते, पाच वर्षं झाली. दाताशी त्याचा संबंध नसावा. दोघांनीही विचारलं नाही म्हणून मीही बोलले नाही.

उत्तर :

संबंध आहे, चांगलाच आहे. अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती सहीखालची ही ओळ, म्हणून आधी तिच्याबद्दल.

हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅलेंड्रोनेट किंवा त्याच कुळातलं औषध. शरीरात जुनं हाड मोडण्याचं आणि नवं घडवण्याचं काम सतत चालू असतं. ही गोळी त्यातलं मोडण्याचं काम मंदावते. मणक्याला आणि खुब्याला याचा फायदाच होतो. जबड्यात मात्र दाढ काढली किंवा हाडाला भोक पाडलं की ती जखम भरून यायला हीच मोडतोड लागते. त्यामुळे ही औषधं घेणाऱ्या थोड्या लोकांत जखम भरत नाही आणि हाड उघडं पडतं. घाबरून जाऊ नका. तोंडाने घ्यायच्या गोळीत असं होण्याची शक्यता हजारात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. कॅन्सरसाठी शिरेतून मोठे डोस दिले जातात तिथे ती पुष्कळ वाढते. गोळी चार वर्षांहून जास्त चालू असेल तर डॉक्टर जरा जास्त सावध होतात, आणि तुमची पाच झाली आहेत. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात, यामुळे बाद होत नाही. या गोळ्या चालू असताना कितीतरी लोकांनी इम्प्लांट बसवून घेतले आहेत आणि ते नीट चाललेत. पण डॉक्टरला हे ठाऊक नसताना त्याने हाडाला ड्रिल लावू नये.

यातल्या दोन गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत. पहिली, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दातांच्या डॉक्टरांनी ‘थोडे दिवस थांबवा’ म्हटलं तरी जिथून ती लिहून मिळाली तिथे विचारल्याशिवाय नको. (ज्या वाचकांना गोळीऐवजी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं त्यांनी तर अजिबात नको. ते चुकलं की हाडं झपाट्याने विरळ होतात, मणके मोडल्याचीही उदाहरणं आहेत.) दुसरी, दाढ काढलेली जागा उजेडात आरशात बघा. तीन महिन्यांनी तिथे गुलाबी, सलग हिरडी दिसायला हवी. पिवळट-पांढरं, टणक काही उघडं दिसत असेल किंवा जिभेला खरखरीत लागत असेल, तर इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात दाखवून या.

रक्तदाबाच्या गोळीचंही नाव सांगा. त्यातल्या काहींनी हिरड्या सुजतात आणि मग रक्ताचं खापर नुसतं ब्रशवर फुटतं.

आता विश्वासाचं बोलू. मी बरीच वर्षं दातांचा दवाखाना चालवला, आता चालवत नाही, त्यामुळे कोणाचं गिऱ्हाईक वाढण्याशी मला देणंघेणं नाही. माझं मत सरळ आहे. इम्प्लांट ही हाडावरची शस्त्रक्रिया आहे. औषधं कोणती, साखर आटोक्यात आहे का, सिगारेट-तंबाखू आहे का, जबड्याला कधी रेडिएशन दिलंय का, रात्री झोपेत दात खाता का, यातलं काहीही न विचारता ज्याने दहा मिनिटांत निदान सांगितलं, त्याने तुमच्या तोंडातली मोकळी जागा तेवढी पाहिली. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फसण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असतं. हे काही गुपित नाही, दातांच्या कॉलेजात शिकवतात. सवलतीला आठवड्याची मुदत घातली, हे तर मला मुळीच पटलं नाही. तुमच्या जबड्यात असं काहीही नाही जे पुढच्या सोमवारी बिघडणार आहे.

दुसऱ्या डॉक्टरांकडे माझा कल आहे, पण त्यांनाही पैकीच्या पैकी गुण देणार नाही, कारण औषधांचं त्यांनीही विचारलं नाही. तुम्हाला एखादा फॉर्म भरायला दिला असेल आणि तुम्ही तो रकाना कोरा सोडला असेल, तर दोष निम्मा-निम्मा. त्यांच्याकडे परत जा आणि गोळीचं सांगा. मग ते काय करतात ते बघा. हातातलं काम थांबवून गोळीचं नाव काय, कधीपासून, कोणी दिली हे विचारलं आणि तुमच्या हाडांच्या डॉक्टरांशी बोलतो म्हणाले, तर माणूस सापडला असं समजा. ‘अहो, काही होत नाही त्याने’ म्हणून उडवून लावलं, तर तिसरा दवाखाना शोधा.

हिरड्या आधी, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. खरा दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक बारीक थर असतो. इम्प्लांटला तो नसतो, तो थेट हाडाला धरून बसतो. त्यामुळे हिरडीत जंतूंचं ठाण बसलं की इम्प्लांटभोवतीचं हाड खरा दात असलेल्या जागेपेक्षा लवकर खचू शकतं, तेही बहुतेक वेळा न दुखता. दाताच्या मुळाशी ठणका लागला की माणूस दवाखाना गाठतो, इथे तेवढीही सूचना मिळत नाही. ज्याला आधीपासून हिरड्यांचा आजार आहे त्याला हा धोका जास्त. रक्त येणाऱ्या हिरडीत इम्प्लांट बसवायला जो तयार होतो, त्याला तो किती दिवस टिकेल याची फारशी फिकीर नाही.

स्कॅनवरून घरच्यांना शंका आली, पण तुमची जागा नेमकी अशी आहे की तिथे तो हवाच. खालच्या दाढांच्या मुळांखालून हाडातल्या एका नळीतून मज्जातंतू जातो आणि पुढे बाहेर येऊन खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देतो. तुम्ही वाचलेल्या त्या बाईंचा बधिर ओठ बहुधा इथलाच. इम्प्लांटचं टोक आणि ही नळी यांच्यात निदान दोन मिलिमीटर अंतर राखायचं असतं. साध्या एक्स-रेवर उंचीचा अंदाज येतो. हाडाची जाडी किती, जिभेकडच्या बाजूने ते आत वळलंय का, हे त्यावर दिसत नाही. सीबीसीटी स्कॅनवर, म्हणजे जबड्याचं तिन्ही बाजूंनी चित्र देणाऱ्या एक्स-रेवर, दिसतं. स्कॅन झाला की डॉक्टरांना तो पडद्यावर उघडून नळी बोटाने दाखवायला सांगा आणि त्याची फाइल स्वतःकडे मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं झालं तर पुन्हा स्कॅन करायला नको.

लोकांच्या अनुभवांबद्दल. ते वाचू नका असं मी म्हणणार नाही, फक्त तो अनुभव कितव्या दिवशी लिहिलाय ते बघा. हाडाने इम्प्लांट धरला की नाही हे कळायलाच खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्यात, तिथलं हाड मऊ म्हणून, चार ते सहा महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यात ‘अजिबात दुखलं नाही, स्टाफ फार प्रेमळ’ असं लिहिणाऱ्याला भूल चांगली मिळाली, एवढंच त्यातून कळतं. नवा जन्मवाले बहुतेक या गटातले. मला भरवशाचे वाटतात ते कंटाळवाणे अनुभव. सहा वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी साफ करून घेते, मध्ये एकदा स्क्रू ढिला झाला, घट्ट करून दिला. असं काही सापडलं तर त्या डॉक्टरचं नाव टिपून ठेवा. आणि वाईट अनुभव वाचताना काय बिघडलं याच्याइतकंच बिघडल्यावर पुढे काय झालं तेही वाचा. इम्प्लांट रुजला नाही, डॉक्टरांनी काढला, थांबून परत बसवला, असं चांगल्यातल्या चांगल्या हातूनही होतं. तक्रार घेऊन गेल्यावर फोन उचलेनासे झाले, हे वाचलं की मात्र पुढे वाचायची गरज नाही.

थोरल्या जाऊबाईंना माझा निरोप द्या : काय हलतंय ते आधी बघून घ्या. ज्याला आपण सरसकट इम्प्लांट म्हणतो त्याचे तीन भाग असतात. हाडात बसलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर बारीक स्क्रूने घट्ट केलेला जोडतुकडा, आणि वरची कॅप. कॅपचं सिमेंट सुटलं किंवा मधला बारीक स्क्रू ढिला झाला तरी सगळं हलल्यासारखं वाटतं, आणि दुरुस्ती बहुधा एका बैठकीत होते. हाडातला भागच हलत असेल तर मात्र तो काढावा लागतो. पहिल्या दोनपैकी काही असण्याची शक्यता जास्त. पण तसंच चावत राहिल्या तर बारीक स्क्रू आतच तुटू शकतो आणि साध्या कामाचं अवघड काम होऊन बसतं.

यातली मेख अशी की दर कंपनीचा स्क्रू आणि तो फिरवायचं हत्यार वेगळं. जाऊबाईंचे डॉक्टर गाव सोडून गेले असतील आणि कंपनी कोणती हेच माहीत नसेल, तर नवा डॉक्टर एक्स-रेवरून अंदाज बांधत बसतो. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर एक लहानसं चिकटपत्र असतं, त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. सहसा दोन प्रती असतात, एक केसपेपरवर चिकटवायची आणि एक पेशंटला द्यायची. ती तुमच्या हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. ‘मिळेल नंतर’ हे उत्तर घेऊ नका.

आयुष्यभराच्या गॅरंटीबद्दल थोडं. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळकांडी काढता येईनात, हाडाने ती धरूनच ठेवली, आणि तिथून हे सगळं शास्त्र निघालं. १९६५ साली त्यांनी यॉस्टा लार्सन नावाच्या पेशंटच्या खालच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६मध्ये वारले तोवर ते इम्प्लांट कामात होते. म्हणजे आयुष्यभर टिकणं शक्य आहे. आजच्या आकड्यांप्रमाणे दहा वर्षांनी शंभरातले साधारण ९५ इम्प्लांट तोंडात असतात. मात्र तोंडात असणं वेगळं आणि बिनतक्रार असणं वेगळं. आणि तुमची हिरडी, तुमची गोळी, तुमचं दात घासणं यांची गॅरंटी डॉक्टर देऊच शकत नाही. गॅरंटी दिलीच तर कागदावर मागा आणि ती कशाची ते बघा. बहुतेकदा ती कंपनीने धातूच्या तुकड्याला दिलेली असते. तुकडा फुकट बदलून मिळतो, पुन्हा करायचं ऑपरेशन, हाड भरणं, नवी कॅप यांचं बिल तुमच्या नावावर.

म्हणून मी पेशंटला नेहमी एकच प्रश्न विचारायला सांगते : हा रुजला नाही तर पुढे काय, आणि त्याचा खर्च कोणाचा? चांगला डॉक्टर या प्रश्नाने खट्टू होत नाही. तो सांगेल, माझे इतके फसलेत, मग मी असं करतो, इतके महिने थांबतो, अमुक पैसे घेतो किंवा घेत नाही. ‘माझा आजवर एकही फसला नाही’ म्हणणाऱ्याने एकतर फार थोडे बसवलेत, किंवा त्याचे पेशंट परत येत नाहीत. ऑपरेशन करणारा आणि कॅप बसवणारा एकच आहे का, हेही विचारा. बऱ्याच दवाखान्यांत ऑपरेशनपुरता बाहेरून तज्ज्ञ येतो. त्यात वावगं काही नाही, उलट बरंच आहे, फक्त पाच वर्षांनी दोघांपैकी कोणाचं दार वाजवायचं ते आधी ठरलेलं बरं. नोंदणी तपासा. हिरड्यांचे तज्ज्ञ, तोंडाचे सर्जन, कृत्रिम दातांचे तज्ज्ञ हे सगळे इम्प्लांट बसवतात, नीट शिकलेले साधे दंतवैद्यही बसवतात. पदवीच्या लांबीपेक्षा ही बोलणी जास्त सांगून जातात.

कॅप बसवायच्या दिवशी आणखी एक बघायला मिळेल. डॉक्टर रंगीत कागद दातांत धरून चावायला सांगतात. खरा दात जोरात चावल्यावर आपल्या तंतूंवर किंचित खाली दबतो, इम्प्लांट दबत नाही. म्हणून हलकं चावताना नव्या कॅपवर कागदाचा डाग जवळजवळ उमटू नये आणि जोर लावल्यावर तेवढा उमटावा, अशी ती घासून बसवायची असते. ‘हलकं चावा, आता जोरात, आता डावी-उजवीकडे सरकवा’ असं करत जो शांतपणे कागद बदलत राहतो, त्याच्या हातात काम आहे. एकदा चाववून ‘ठीक वाटतंय ना? झालं’ म्हणणाऱ्याकडेच स्क्रू ढिले होऊन लोक परत येतात. त्याच दिवशी एक एक्स-रे काढून ठेवायला सांगा. पुढे हाड खचतंय का हे त्याच्याशीच ताडून बघतात.

इम्प्लांटच घ्यायला हवा असंही नाही. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या जोडकॅपसाठी, दोन धडधाकट दात घासावे लागतील, तुमच्या बाबतीत मला ते आवडणार नाही. काढता-घालता येणारा एक दात बनवून मिळतो. त्याची थोडी कटकट असते, पण हाडाला हात लागत नाही, आणि गोळीमुळे इम्प्लांट नको असं ठरलं तर तोच पर्याय. जागा तशीच सोडण्याचा सल्ला मी शेवटच्या दाढेला सहज देते, पहिल्या मोठ्या दाढेला नाही, कारण चावण्याचं बरंच काम तिच्याकडे असतं आणि वरची दाढ हळूहळू खाली उतरू लागते.

हाड झिजतं हे खरं, आणि सर्वांत जास्त ते पहिल्या काही महिन्यांतच. तुमचे तीन होऊन गेले, म्हणजे मोठी झीज झाली आहे. हिरड्यांसाठी अजून दोन-तीन महिने गेले तर फार फरक पडणार नाही. दोन-तीन वर्षं चालढकल केलीत तर पडेल.

दुखण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. दाढ काढण्यापेक्षा ते बहुधा कमीच असतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, मग उतरते. चौथ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं तर दाखवा. आणि भूल उतरायची वेळ होऊन गेली, तरी ओठ किंवा हनुवटी बधिरच वाटली, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. इम्प्लांट त्या मज्जातंतूवर दाबत असेल तर तो पहिल्या दिवसा-दीड दिवसात मागे घेतला तर संवेदना परतण्याची शक्यता चांगली असते, उशीर होईल तशी ती कमी होत जाते. तेव्हा रात्रीचा फोन कोण उचलणार, तो नंबर ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवा आणि एकदा लावून बघा.